क्रोम पट्टीमागचं भोक

पावसाळ्यातल्या पहिल्या मोठ्या सरीनंतर जुन्या फियाटच्या मॅटखालचा नमदा ओला लागला, की मालकाची नजर आधी पुढच्या काचेच्या रबराकडे जाते. तो संशय पुष्कळदा खरा ठरतो. पण रबर नवं बसवूनही पाणी येतच राहिलं, तर दरवाज्याची रबरं बदलली जातात, मग फ्लोअरच्या सांध्यांवर काळा लेप चढतो. एवढ्या खटाटोपात गाडीच्या दोन्ही बाजूंनी धावणारी ती चमकती पट्टी कुणी काढून पाहत नाही. ती शोभेची वस्तू आहे, तिचा पाण्याशी काय संबंध, असंच सगळे धरून चालतात.

संबंध असतो तो तिच्या मागच्या भोकांचा. साठ-सत्तरच्या दशकांत गाड्यांच्या पट्ट्या चिकटवत नसत. पत्र्याला ठरावीक अंतरावर भोकं पाडून त्यांत स्प्रिंगच्या क्लिपा बसवायच्या आणि त्यांवर पट्टी दाबून अडकवायची, ही त्या काळची पद्धत होती. पट्टी टोकाशी निसटू नये म्हणून तिथे बहुधा एक बोल्ट आतून नटाने आवळलेला असे. डिकीवरची अक्षरं पिनांवर उभी, बॉनेटवरचं चिन्ह स्टडवर, आरसा स्क्रूंवर, एरियल आरपार भोकातून. कारखान्यातून निघताना या भोकांभोवती मऊ मस्तकी किंवा रबराची चकती असायची. पन्नास वर्षांत ती मस्तकी वाळून भुगा होते आणि चकतीला भेगा पडतात. शिवाय मधल्या काळात दोन-तीनदा रंग झालेला असतो, आणि प्रत्येक वेळी पेंटरने पट्टी काढून परत लावताना सीलंट पुन्हा घातलेलं असेलच असं नाही.

कुठल्या भोकातलं पाणी कुठे पोचतं, हे कळलं की निम्मा शोध संपतो. दरवाज्यावरच्या पट्टीमागचं पाणी दरवाज्याच्या पोकळीत उतरतं. तिथून ते खालच्या निचऱ्याच्या भोकांतून बाहेर पडलं तर ठीक, नाहीतर दरवाज्याची खालची कड आतून कुजवतं आणि पॅडचा पुठ्ठा फुगवतं. मागच्या मडगार्डवरच्या पट्टीचं पाणी आतल्या पोकळीतून मागच्या सीटखाली किंवा डिकीच्या कोपऱ्यात साठतं. डिकीच्या झाकणावरच्या अक्षरांचं पाणी झाकणाच्या आतल्या बाजूने ओघळून सामानावर ठिबकतं, आणि दोष मात्र डिकीच्या रबराला मिळतो. पुढच्या मडगार्डवरचं पाणी बहुधा आत येतच नाही, चाकाच्या बाजूला जातं. तिथे गळती दिसत नाही, पण क्लिपच्या भोकाभोवती रंग फुगून गंज मात्र धरतो.

हे गांभीर्याने घ्यायला हवं, कारण या गाड्यांची बांधणी. फियाट 1100 चं 103 हे मॉडेल इटलीत 1953 साली आलं, ते वेगळ्या चॅसिसशिवाय. त्यात बॉडी हाच सांगाडा. त्याच वंशातली 1100 डी मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवली आणि सत्तरच्या दशकात ती आधी प्रीमियर प्रेसिडेंट, मग प्रीमियर पद्मिनी झाली. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली अँबॅसिडरही अशीच चॅसिसविना. अशा गाडीत फ्लोअर आणि दरवाज्यांखालचे सिल हे नुसते झाकणाचे पत्रे नसतात, गाडीचा भार तेच पेलतात. ओला नमदा त्या पत्र्यावर महिनोन् महिने बसून राहिला, तर कुबट वास ही त्यातली सगळ्यात किरकोळ तक्रार ठरते. पुढे जॅक लावल्यावर सिल दबतो आणि दरवाजे नीट लागेनासे होतात.

शिवाय फियाट आखली गेली तुरीनमध्ये. तिथे वर्षभरात पडतो त्याच्या दुपटीच्या आसपास पाऊस मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, तोही खाऱ्या हवेत. पट्टी स्टेनलेस स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची, पत्रा साध्या पोलादाचा आणि दोघांच्या मधे खारट ओल. अशा वेळी दोन वेगळ्या धातूंत बारीकसा विद्युतप्रवाह सुरू होतो आणि त्यातला एक झपाट्याने झिजतो. स्टेनलेसची पट्टी वर्षानुवर्षं लखलखत राहते आणि तिच्यामागचा पत्रा खलास होतो, ते यामुळे. ॲल्युमिनियमच्या पट्टीचं उलट. तिला लोखंडी स्क्रू मारला असेल, तर स्क्रूभोवती पांढरी भुकटी धरून पट्टीच खाल्ली जाते.

आता पाणी आत जातं कसं? पट्टी आणि पत्रा यांच्यातली फट इतकी अरुंद असते, की पाणी तिथे धरून राहतं आणि केशाकर्षणाने वरच्या बाजूलाही चढतं. पाऊस थांबल्यावर बाकीची गाडी तासाभरात वाळते, पट्टीमागची ओल मात्र दिवसभर टिकते. गाडी धावत असताना वारा तेच पाणी भोकांत रेटतो. उभ्या गाडीत एक थेंबही येत नाही आणि घाट उतरून आल्यावर मागचा कोपरा भिजलेला असतो, याचं कारण बहुतेकदा हेच.

इथे एका चालू उपायाबद्दल स्पष्टच सांगायला हवं. गळतीची तक्रार आली, की काही गॅरेजांत पट्टी न काढता तिच्या वरच्या कडेवरून सिलिकॉनची एक लांब रेघ ओढून देतात. पहिले दोन पाऊस गाडी कोरडी राहते. पण पाणी पट्टीच्या टोकांतून आणि खालच्या कडेने शिरतच असतं. आता वरून वाट बंद झाल्याने आतली ओल वाळतही नाही, आणि भोकाभोवतीचा गंज डोळ्यांआड वाढत जातो. सील करायचं ते भोक. पट्टीची कड मोकळीच राहू द्यावी. आत शिरलेल्या पाण्याला खाली ओघळून बाहेर जाता आलं पाहिजे.

सिलिकॉनवर आणखीही आक्षेप आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या सिलिकॉनला वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो. तो ॲसिटिक ॲसिडचा असतो, आणि उघड्या पोलादाला हे ॲसिड गंज चढवतं. त्यातून सिलिकॉनचा अंश पत्र्यावर राहिला की पुढे रंग धरत नाही, त्यात बारीक गोल खड्डे पडतात. पेंटर त्यांना फिश आय म्हणतात. न्यूट्रल क्युअर सिलिकॉनमध्ये ॲसिडचा दोष नसतो, रंगाची अडचण मात्र त्यातही आहेच. इपॉक्सी पुटीही इथे कामाची नाही. ती दगडासारखी कडक होते, तर क्लिप आणि पत्रा उन्हात-पावसात आणि खड्ड्यांत सतत हलत असतात. थोड्याच दिवसांत तिला केसाएवढी चीर जाते, आणि पाण्याला तेवढी पुरते.

या जागेला हवं कधीच न वाळणारं, मऊ राहणारं सीलंट. ब्यूटिल त्यातलं सगळ्यात सोयीचं. काळ्या किंवा करड्या चिकट दोरीच्या किंवा टेपच्या रूपात ते मिळतं. हेडलाइटची काच बसवायला आणि पत्र्याच्या छपरांचे सांधे बंद करायलाही तेच वापरतात. ते पत्र्याला चिकटतं, क्लिपसोबत हलतं, आणि वीस वर्षांनी पट्टी पुन्हा काढायची वेळ आली तर सुखाने सुटून येतं. जुन्या गाडीत हा शेवटचा गुण फार मोलाचा आहे. पॉलियुरेथेन सीलंट उत्तमच, पण ते पत्र्याच्या कायमच्या सांध्यांसाठी. क्लिपवर ते लावलं तर पुढच्या खेपेला क्लिपसोबत रंगाचा पापुद्राही निघतो.

कामाला हात घालण्यापूर्वी गळती नेमकी शोधावी. मॅट, नमदा आणि दरवाज्यांचे पॅड काढून पत्रा पूर्ण कोरडा करावा. रात्री आतून प्रखर टॉर्च लावून बाहेरून पाहिलं, तर पट्टीच्या टोकांशी किंवा अक्षरांभोवती उजेडाचा एखादा बारीक ठिपका दिसतो, म्हणजे तिथे आरपार वाट आहे. मग पाण्याची चाचणी. त्याला दोन माणसं लागतात. एकजण टॉर्च घेऊन आत, दुसरा बाहेर पाइप धरून. पाइपला पिचकारी नको, पाणी नुसतं वाहतं सोडावं आणि सुरुवात नेहमी खालून करावी. आधी सिल, मग पट्टीची रेषा, मग खिडकीची खालची कड, शेवटी छपराची पन्हळ. प्रत्येक टप्प्यावर चार-पाच मिनिटं थांबावं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडून जातो आणि काहीच कळत नाही. संशयाच्या जागेखाली आतून टाल्कम पावडर शिंपडून ठेवली, तर पहिल्या थेंबाची वाट तिच्यावर उमटते. प्रेशर वॉशर मात्र वापरू नये. तो धडधाकट रबरातूनही पाणी आत घालतो.

पट्टी काढताना घाई केली की नुकसान ठरलेलं. स्टेनलेसची पट्टी एकदा मुडपली की ती सुरकुती पूर्ण जात नाही, आणि पद्मिनीच्या चांगल्या मूळ पट्ट्यांसाठी आता कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारात किंवा चोर बाजारात शोधाशोध करावी लागते. त्यामुळे पट्टीच्या वर-खाली रंगावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर द्यावेत. पॅड काढून टोकाचा नट आतून आधी सोडवावा. हा नट राहून गेला आणि बाहेरून जोर लावला की पट्टी तिथेच वाकते. मग बांबूची किंवा नायलॉनची चपटी पट्टी क्लिपच्या अगदी शेजारी घालून एकेक क्लिप सोडवत जावं. स्क्रू ड्रायव्हर इथे हातात धरू नये. कुठली क्लिप कुठली, याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. दोन बाजूंच्या पट्ट्या सारख्या दिसल्या तरी अदलाबदल करून बसतीलच असं नाही.

पट्टी निघाली की खरी परिस्थिती समोर येते. भोकाभोवती तांबूस कडं असेल, तर वायर ब्रश आणि 120 नंबरचा पॉलिश पेपर घेऊन चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासावं. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर लावून त्याच्या डब्यावर दिलेला वेळ थांबावं. पुढचा थर शक्यतो दोन भाग मिसळून होणाऱ्या इपॉक्सी प्राइमरचा असावा. आपल्याकडे हात सरसकट रेड ऑक्साइडकडे जातो. ते वाईट नाही, पण त्याचा थर सच्छिद्र असतो आणि वर रंग नसेल तर ओल शोषतो. भोकाच्या आतली कड सगळ्यात जास्त विसरली जाते, आणि गंज सुरू होतो तोही तिथूनच. ती बारीक ब्रशने रंगवावी. भोक कुजून मोठं झालं असेल तर लांबी भरून ते लहान करण्याचा मोह टाळावा. लांबी ओल धरते आणि क्लिप तिच्यात टिकत नाही. डेंटरकडून पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घ्यावा आणि भोक नव्याने, योग्य मापाचं पाडावं.

साफसफाईत थिनर जपून. जुन्या गाडीवर एनसी (नायट्रोसेल्युलोज) किंवा ॲक्रिलिक लॅकर असेल, तर थिनरच्या एका फडक्याने रंग विरघळतो. ब्यूटिलचे डाग मिनरल टर्पेंटाइनने निघतात, तेही आधी आडोशाच्या जागी लावून पाहावं.

प्राइमर आणि रंग पूर्ण वाळल्यावर पट्टी बसवण्याचं काम सुरू होतं. ते सगळ्यात सोपं आणि समाधानाचं. वाटाण्याएवढं ब्यूटिल घेऊन त्याची वळी करावी, क्लिपच्या मानेभोवती गुंडाळावी आणि क्लिप भोकात दाबावी. चारही बाजूंनी थोडं ब्यूटिल बाहेर आलं म्हणजे भोक भरलं. एका बाजूने आलं नाही तर क्लिप काढून पुन्हा बसवावी. फार जास्त घातलं तर पट्टी पत्र्यापासून उचललेली राहते आणि उन्हात काळा ओघळ खाली येतो. लोखंडी क्लिपांच्या जागी मापाच्या नायलॉन क्लिपा मिळाल्या तर त्या घ्याव्यात. त्या रंग खरवडत नाहीत आणि दोन धातूंचा संबंधही तोडतात. टोकाच्या बोल्टला बाहेरून ब्यूटिल, आतून रबरी वॉशर आणि मग नट. डिकीच्या अक्षरांच्या पिनांनाही हीच रीत. ती अक्षरं बहुधा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची, ठिसूळ असतात. पिना तुटू नयेत म्हणून थंडीच्या सकाळी ती काढू नयेत, हेअर ड्रायरने थोडी गरम करून घ्यावीत.

शेपटीच्या दिव्यांची, नंबर प्लेटच्या दिव्याची आणि डिकीच्या हँडलची गॅस्केटं हा वेगळा विषय वाटतो, पण पट्ट्या काढल्याच आहेत तर तीही त्याच बैठकीत बदलावीत. खर्च थोडा आणि डिकीतलं निम्मं पाणी तिथूनच येतं.

काचेभोवतीच्या चमकत्या चौकटीकडे मात्र जास्त लक्ष द्यावं लागतं. फियाटसारख्या गाड्यांत ही चौकट काचेच्या रबराच्या खाचेत बसते. रबर आटलं की कोपऱ्यांत ती फट उघडी पाडते. अमेरिकन गाड्यांत प्रकार वेगळा. जनरल मोटर्सच्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या शेव्हेल, कॅमारो अशा मॉडेलांत चौकटीच्या क्लिपा काचेच्या खोबणीत वेल्ड केलेल्या छोट्या स्टडवर बसतात, आणि खोबणी कुजायला त्या स्टडपासूनच सुरुवात होते. रबर असो वा स्टड, काच न काढता वरून सीलंट फासणं हा तात्पुरता इलाजच. हंगामाच्या मध्यावर गळती सापडली, तर रबराची पाती हलकेच उचलून नळीने न वाळणारं ग्लेझिंग सीलंट आत सोडावं, एकदा काचेच्या बाजूने, एकदा पत्र्याच्या बाजूने. दिवाळीपर्यंत तेवढं पुरतं. नंतर काच काढून चौकटीचा गंज साफ करून नवं रबर घालावं. बसवताना रबराच्या खाचेत गुळगुळीत दोरी घालून तिची टोकं आत ठेवायची, साबणाच्या पाण्याने रबर निसरडं करायचं आणि एकाने बाहेरून तळहाताने दाबत असताना दुसऱ्याने आतून दोरी ओढत पाती पत्र्यावर आणायची, ही पद्धत जगभर चालते. रबराला ग्रीस किंवा इंजिन ऑइल कधीही लावू नये. पेट्रोलियम तेलाने ते फुगतं आणि चिघळतं.

काचेच्या बुडाशी हवेची जाळी असलेल्या गाड्यांत आणखी एक जागा तपासावी. जाळीखालच्या पन्हळीत पानं आणि माती साचली, की पाणी तुंबून थेट पुढच्या पायांशी येतं. पहिल्या पिढीतल्या फोर्ड मस्टँगचा हा दोष जुन्या गाड्यांच्या जगात प्रसिद्ध आहे. आंब्या-पिंपळाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीला त्यासाठी मस्टँग असण्याची गरज नाही.

दरवाज्यांबाबत एक गैरसमज काढून टाकायला हवा. खिडकीच्या काचेवरून पाणी दरवाज्यात जाणारच, गाडीची रचनाच तशी आहे. म्हणून दरवाज्याच्या तळाची भोकं बंद करू नयेत, उलट दर पावसाळ्यापूर्वी तार घालून मोकळी करावीत. पाणी केबिनमध्ये येऊ न देण्याचं काम पॅडमागच्या प्लॅस्टिकच्या पडद्याचं. तो फाटला किंवा मेकॅनिकने काढून फेकला असेल, तर जाड प्लॅस्टिक मापाने कापून ब्यूटिलने चिकटवावं आणि त्याची खालची कड दरवाज्याच्या आतल्या फटीत सोडावी, म्हणजे ओघळ पुन्हा दरवाज्यातच पडेल.

मागाहून हौसेने बसवलेली फिटिंगं ही गळतीची मोठी कारणं. काचेवरचा सनशेड, दरवाज्यांचे व्हायझर, जादा आरसे, सिलवरच्या चमकत्या पट्ट्या. प्रत्येक सेल्फ-टॅपिंग स्क्रू नंग्या पत्र्यात घुसलेला असतो, त्याला ना प्राइमर ना वॉशर. नको असलेली फिटिंगं काढून भोकं वेल्डने बुजवावीत. मूळ पट्ट्यांची भोकंही बुजवून त्या दुहेरी टेपने चिकटवाव्यात, असा सल्ला काही पेंटर देतात. रोज पळवायच्या गाडीला तो चालेल. पण मूळ रूप जपायचं असेल तर क्लिपाच ठेवाव्यात. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न केलेल्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा वेगळा नंबर मिळतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या फियाट आता त्या वयात आल्या आहेत. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला झाली होती, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सी गेली. आता ज्या पद्मिनी उरल्या आहेत त्या घरोघरच्या मालकांनी सांभाळल्या तरच राहतील, म्हणून त्यांच्या बारीकसारीक भागांशी तडजोड करू नये.

या कामाला एप्रिल आणि मे हे महिने योग्य. हवा दमट झाली की लॅकरवर पांढुरकी झाक येते आणि प्राइमरखाली ओल अडकते. ब्यूटिलला वाळायचं नसतं, त्यामुळे पट्टी लावल्याबरोबर गाडी बाहेर काढता येते. सांध्यांना पॉलियुरेथेन लावलं असेल तर ते दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच आत वाळतं, तेवढं थांबावं. सगळं झाल्यावर पाइपची चाचणी त्याच क्रमाने पुन्हा घ्यावी आणि आतून पत्रा कोरडा दिसल्याशिवाय पॅड व नमदा लावू नये. पोकळ्यांत कॅव्हिटी वॅक्स मारायचा तोही याच वेळी, निचऱ्याची भोकं त्याने बुजणार नाहीत हे पाहून. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात चारही दरवाजे आणि डिकी उघडी टाकून मॅट बाहेर काढाव्यात. कुठे दमट लागलं तर त्या जागेवर खडूने खूण करून ठेवावी, म्हणजे पुढच्या एप्रिलमध्ये तेवढीच पट्टी खोलावी लागेल.